सोलापूरचे शेठ आणि कंधारची फार्गो

कंधारला रेल्वे कधीच आली नाही. राष्ट्रकूटांच्या वैभवकाळात ज्या गावाचे नाव राजे आपल्या बिरुदात मिरवीत, त्या गावाच्या वाट्याला भुईकोट किल्ला आला, खंदक आला, जगत्तुंग समुद्र नावाचा विस्तीर्ण तलाव आला. रूळ मात्र आले नाहीत. आगगाडी पाहायची तर नांदेड गाठायचे, नाहीतर थेट लातूर. मधल्या मुलखात, मन्याडच्या काठाने आणि बालाघाटाच्या चढउतारांवरून जे काही हलायचे ते आधी बैलगाडीने आणि पुढे ट्रकने. कापूस, सरकी, ज्वारी, भुईमूग जायचा तो ट्रकने. मीठ, गूळ, सिमेंट आणि लग्नाची भांडी यायची तीही ट्रकनेच. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दुकाने थाटणारे अर्धे व्यापारी ट्रकच्या टपावर बसून आलेले असत. त्यामुळे बंद पडलेला ट्रक ही आमच्याकडे एकट्या मालकाची अडचण नसायची. वाण्याचे दुकान, आडत्याची पेढी आणि कुणाच्या तरी मुलीचे लग्न, अशी सगळीच कामे त्याच्याबरोबर रस्त्याच्या कडेला उभी राहायची.

त्या काळच्या ट्रकांच्या तोंडावर तीन नावे हमखास दिसत: फार्गो, डॉज आणि डिसोटो. नावे तीन असली तरी गाडी जवळजवळ एकच, कारण तिन्ही नावे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीची. नाव अमेरिकेचे असले तरी कारखाना मुंबईला कुर्ल्यात होता आणि तो उभा करणारा माणूस सोलापूरचा. वालचंद हिराचंद हे नाव आज शाळकरी मुलांना एखाद्या कॉलेजच्या पाटीवरून किंवा वालचंदनगर या गावावरून ठाऊक असते. त्यांच्यावर लिहिणारे बहुधा जहाजांपासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या घरी सतरा वर्षे फार्गो होती. माझ्या मनातले वालचंद हे ग्रीसच्या डब्यातून आणि पिस्टनच्या खोक्यातून उभे राहिलेले आहेत, तेव्हा त्यांचे चरित्र मी मोटारीच्या बाजूनेच सांगणार.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणे गुजराती दिगंबर जैन, मूळचे सौराष्ट्रातल्या वांकानेरचे. सोलापुरात सावकारी आणि कापसाचा व्यापार करून स्थिरावलेले. आई तान्हेपणीच गेली. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुणे असे झाले, पण पदवीपर्यंत ते पोहोचले नाहीत. घरच्या पेढीवर बसून व्याजाचा हिशेब करणे हा सरळ मार्ग होता, आणि त्यात त्यांचा जीव रमेना. पेढीवरच्या गादीपेक्षा जिथे माती उकरली जाते, लोखंड ठोकले जाते, तिथे हा मुलगा खुलायचा. रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरू पाहणारे लक्ष्मण बळवंत फाटक त्यांना भेटले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फाटक-वालचंद ही जोडी जमली. एकाजवळ रेल्वेच्या कामाची माहिती आणि दुसऱ्याजवळ भांडवल व हिंमत.

त्यांना पहिले काम मिळाले ते बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचे. अडीच फुटी रुळांची ही चिमुकली गाडी पुढे तडवळ्यावरून १९११ साली लातूरला पोहोचली आणि लातूरच्या बाजारपेठेचे नशीब उघडले. म्हणजे ज्या लातूरला आमचे लोक आगगाडी पाहायला जात, तिच्या वाटेवरच्या मातीत वालचंदांच्या धंद्याचा श्रीगणेशा झालेला. मराठवाड्याने हे नाते कुठे फारसे नोंदवून ठेवलेले नाही. आपल्याकडे आठवण ठेवायची ती राजांची आणि संतांची; ठेकेदाराची कोण ठेवतो?

पुढची वीस वर्षे मी भराभर ओलांडतो. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी आणणाऱ्या तानशाच्या नळांचे काम, १९२६ साली स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, १९३० च्या दशकात रावळगाव आणि कळंब येथील साखर कारखाने, हे सगळे स्वतंत्र लेखांचे विषय आहेत. यातल्या कळंबचेच पुढे वालचंदनगर झाले. मला थांबायचे आहे ते १९१९ सालच्या एका जुन्या जहाजापाशी.

त्या जहाजाचे नाव लॉयल्टी. १८९१ मध्ये बांधलेले, आधी एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाने पॅसिफिकमध्ये वर्षानुवर्षे उतारू वाहिलेले, मग ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी विकत घेऊन पहिल्या महायुद्धात इस्पितळासाठी दिलेले. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना बरोबर घेऊन ते विकत घेतले, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समारंभात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: निघाले तेव्हा ते जहाज अठ्ठावीस वर्षांचे होते. आमच्या मिस्त्रीच्या भाषेत सांगायचे तर भरपूर चाललेली, तिसऱ्या हाताची गाडी. ती चालवणे परवडले नाही. १९२३ साली लॉयल्टी मोडीत निघाले. कंपनी मात्र टिकली, इंग्रज कंपन्यांच्या दरयुद्धाला पुरून उरली, आणि नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ मध्ये वालचंद तिचे अध्यक्ष झाले.

ज्याच्याजवळ गोदी नाही, सुटे भाग नाहीत आणि ते घडवणारे कारागीर नाहीत, त्याने जुने यंत्र चालवायला घेतले की तो दुसऱ्याच्या दारात बांधला जातो. लॉयल्टीच्या अनुभवातून वालचंदांनी हेच घेतले असावे असा माझा तर्क आहे, कारण यानंतरची त्यांची प्रत्येक मोठी खटपट यंत्र विकत घेण्याची नसून ते इथे बनवण्याची आहे. जहाजे चालवतो तर जहाजे बांधूही. रस्ते आणि पूल बांधतो तर त्यावरून धावणारी मोटारही करू.

मोटारीची कल्पना मुळात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची. १९३० च्या दशकाच्या मध्यात या थोर अभियंत्याने भारतात मोटार कारखाना काढण्याची सविस्तर योजना आखली, त्यासाठी युरोप-अमेरिकेचा दौरा केला, आणि वालचंदांनी ती योजना उचलून धरली. त्या वेळी भारतात मोटारी नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती, फोर्डही होती. पण जोडणे म्हणजे खोक्यांतून आलेले भाग एकमेकांना बोल्टांनी आवळणे. खोके यायचे थांबले की कारखाना थांबला. विश्वेश्वरय्या आणि वालचंद ज्याच्या मागे लागले होते ते वेगळे होते: ओतकाम, घडकाम, गिअर कापणे, पिस्टन करणे. थोडक्यात, जे झिजते ते इथे तयार होणे.

मुंबईच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने योजनेला सहानुभूती दाखवली, पण नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामा देऊन बाहेर पडली आणि तो आधार गेला. म्हैसूर संस्थान तयार होते. तिथेही दिल्लीच्या सरकारने खोडा घातला. दरम्यान वालचंद अमेरिकेत जाऊन आले होते. फोर्डशी जमले नाही. क्रायस्लर राजी झाली. याच प्रवासाहून परतताना पॅसिफिकवरच्या विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमानविक्रेत्याशी गाठ पडली आणि त्या गप्पांतून डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी जन्मली. गंमत पाहा, मोटारीच्या शोधात गेलेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन आला. पुढच्याच वर्षी २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. विमान झाले, जहाज झाले. मोटार मात्र अडकली ती अडकलीच. मोटारीच्या कारखान्याचा युद्धाला उपयोग नाही, अशी सरकारची भूमिका होती.

या भूमिकेचा अर्थ काय होता ते त्याच चार-पाच वर्षांत रस्त्यावर दिसले. आमचा नांदेड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. निजाम स्टेट रेल्वेच्या रोड ट्रान्सपोर्ट खात्याने १९३२ साली सत्तावीस अल्बियन बस घेऊन प्रवासी सेवा सुरू केली होती. अल्बियन म्हणजे स्कॉटलंडची, ग्लासगोची गाडी. मजबूत म्हणून नावाजलेली. पण मजबूत गाडीलाही बेअरिंग लागते, आणि ते बेअरिंग समुद्रापलीकडून यायचे. युद्धात देशभर पेट्रोल रेशनवर आले. बसच्या मागे भट्टी बांधून लाकडी कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवण्यात आल्या. चढावर उतारूंनी उतरून धक्का द्यायचा आणि वर पोहोचल्यावर पुन्हा बसायचे. सुटे भाग मिळेनात म्हणून एका गाडीचे अवयव काढून दुसरीला लावत. अशा वेळी मोटारीचा कारखाना युद्धोपयोगी नाही असे म्हणणे म्हणजे, बैल मेला तरी चालेल पण गाडी पोहोचली पाहिजे म्हणण्यासारखे होते.

वालचंद थांबले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदली गेली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, तिथून क्रायस्लरच्या परवान्याच्या मोटारी आणि ट्रक बाहेर पडू लागले. त्याआधी बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये निघाली होती, त्यामुळे पहिले कोण हा वाद घालणारे घालोत. सुरुवात कुर्ल्यातही जोडणीनेच झाली. मग एकेक भाग इथे बनत गेला. १९५० च्या सुमारास इटलीच्या फियाटशी करार झाला आणि पुढे त्यातून ती छोटी फियाट आली, जी आपल्याकडे दोन पिढ्यांनी वापरली.

आता आमच्या फार्गोकडे वळतो, कारण तिच्याशिवाय वालचंदांच्या या खटपटीचे मोल कागदावरच राहील.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ती १९६४ मध्ये घेतली तेव्हाच ती दुसऱ्या हाताची होती. मैलांच्या काट्याची केबल तुटलेली. ती त्याआधी किती धावली हे देवाला आणि आधीच्या मालकाला ठाऊक. अण्णांनी केबल बदलली नाही. ते खेपा मोजत. पाठकोऱ्या कागदांच्या वहीत तारीख, कुठून कुठे, भरलेला माल आणि शेवटच्या रकान्यात तेल. डिझेल वेगळे आणि तेल वेगळे. इंजिनाच्या तेलाचा हिशेब ते घरच्या गोड्या तेलापेक्षा काटेकोरपणे ठेवीत, यावरून आईची आणि त्यांची नेहमी वादावादी व्हायची.

गाडीचे वैद्य होते मिस्त्रीचाचा. बसस्टँडच्या मागे लिंबाच्या झाडाखाली त्यांचे गॅरेज; पत्र्याचे शेड, एक चेन-ब्लॉक, आणि रिकाम्या पिंपावर ओळीने मांडलेले पाने. शिक्षण चौथीपर्यंत उर्दूत झालेले. मी दहावीत असताना इंजिन कसे झिजते हे त्यांनी मला उघड्या ब्लॉकमध्ये बोट फिरवायला लावून शिकवले, आणि आयुष्यभर विज्ञान शिकवूनही तेवढ्या सोपेपणाने मला ते वर्गात सांगता आले की नाही कुणास ठाऊक.

पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. त्या वरच्या टोकाला उष्णता सर्वांत जास्त आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. म्हणून सिलिंडर झिजतो तो वरच्या अंगाला जास्त, खाली कमी. बोट फिरवले की वर एक बारीक कंगोरा लागतो. रिंग तिथपर्यंत पोहोचत नाही म्हणून तेवढाच भाग जुन्या मापाचा राहिलेला असतो. बाकीचे गोल भोक किंचित निमुळते आणि लंबगोल होते. मग रिंगा भिंतीला धरत नाहीत, तेल वर चढून जळते, गाडी निळा धूर सोडते आणि लोह्याच्या पुढे अहमदपूरच्या वाटेवर चढ आला की धापा टाकते. यालाच ड्रायव्हर लोक गाडी ऑइल खायला लागली म्हणतात.

इथे फेकून द्यायची वेळ येते असे आजच्या वाचकाला वाटेल. त्या इंजिनांची रचना तशी नव्हती. सिलिंडर बोअरिंग मशीनवर दहा हजारांश इंचाने मोठा करायचा आणि त्याच मापाचा मोठा पिस्टन बसवायचा. पुन्हा झिजला तर वीस, मग तीस. भोक फारच मोठे झाले तर आत नवी बाही ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचे. क्रँकचे उलटे: तो घासून बारीक करायचा आणि त्याला जाड बेअरिंग घालायचे. म्हणजे कारखान्यातून निघतानाच त्या यंत्राच्या पोटात आणखी तीन-चार जन्म राखून ठेवलेले असत. अट एकच. त्या मापाचा पिस्टन, ती रिंग, ते बेअरिंग नांदेडच्या दुकानात मिळाले पाहिजे. पिस्टन डेट्रॉइटहून यायचा असेल तर सगळे जन्म वाया.

ते मिळत होते. आमच्या फार्गोला पर्किन्सचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन होते आणि पर्किन्स इंजिने मद्रासला सिम्प्सन कंपनी बनवू लागलेली होती. आधीच्या कितीतरी गाड्यांची पेट्रोलची इंजिने उतरवून त्यांच्या जागी हीच बसवली गेली. गिअर, एक्सल, किंगपिन, बुश, क्लचप्लेट, सगळे खोक्यात घालून दुकानात ठेवलेले. ब्रेकचे लायनर मिस्त्रीचाचा स्वतः रिव्हेट मारून बसवीत. कमानीचे पाटे तुटले तर लोहार नवे पान घडवून देई. वरची बॉडी तर सुताराचीच, सागाची आणि बाभळीची. त्या गाडीत असा एकही भाग नव्हता की जो कंधारात दुरुस्त होत नाही किंवा नांदेडात विकत मिळत नाही.

पण गाडी सतरा वर्षे पळाली ती केवळ सुट्या भागांवर नाही. मिस्त्रीचाचांचे काही दंडक होते. आमची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. ती इंजिनात गेली की तेलात मिसळून सिलिंडर घासणारी खळ तयार होते. म्हणून हवेच्या गाळणीच्या वाटीतले तेल दर आठवड्याला बदलायचे, खेप रिकामी असो की भरलेली. रेडिएटरमध्ये विहिरीचे जड पाणी घालायचे नाही, त्याने आत चुना धरतो. पावसाचे साठवलेले घालायचे. सकाळी गाडी चालू केली की लगेच रेस द्यायची नाही. तेल वरच्या टॅपेटपर्यंत चढू द्यायचे, तोवर ड्रायव्हरने चहा प्यावा. आणि रोज संध्याकाळी क्लीनरने पाटे, किंगपिन आणि जॉइंट यांना ग्रीस मारल्याशिवाय जेवायला बसायचे नाही. हा शेवटचा दंडक कित्येकदा माझ्याही वाट्याला आला आहे.

१९७२ च्या दुष्काळात या गाडीची खरी कसोटी लागली. नांदेडच्या स्टेशनवर धान्य उतरायचे आणि तिथून खेड्यापाड्यांतल्या दुकानांपर्यंत न्यायचे ते ट्रकनेच. मिलोची पोती भरून फार्गो रोज फेऱ्या करी. त्या उन्हाळ्यात हेड गॅस्केट दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेले ते फुलवळच्या अलीकडे, भर दुपारी. मिस्त्रीचाचा बैलगाडीत सामान टाकून तिथे गेले, बाभळीच्या सावलीत हेड उतरवले, नांदेडहून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर गॅस्केट मागवले आणि रात्री कंदिलाच्या उजेडात गाडी चालू केली. पोती दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात पोहोचली. दुकानापुढे बायका आदल्या संध्याकाळपासून बसून होत्या. गॅस्केट बोटीने यायचे असते तर त्या किती दिवस बसून राहिल्या असत्या, याचा हिशेब कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

वालचंदांनी यातले काही पाहिले नाही. १९४९ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उद्योगाच्या सगळ्या दोऱ्या हातात धरून बसलेला, कधी एका जागी न ठरणारा हा माणूस खुर्चीला खिळला. १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. विमानाचा कारखाना युद्धकाळातच सरकारने घेतला होता. विशाखापट्टणमच्या गोदीतून जल उषा हे जहाज मार्च १९४८ मध्ये नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडले गेले, आणि १९५२ मध्ये तिथेही सरकारची मालकी आली. ज्यासाठी हाडे झिजवली ते एकेक करून दुसऱ्याच्या हाती जाताना पाहणे एखाद्याला कडू वाटले असते. वालचंदांना काय वाटले ते त्यांच्या पेढीच्या कागदांत सापडणार नाही. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचे निधन झाले.

त्याच १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना इथे भाग बनवायचे असतील त्यांनी राहावे, नुसती जोडणी करणाऱ्यांना जागा नाही, असा त्याचा रोख होता आणि सरकारने तो स्वीकारला. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतला पसारा आवरला. ज्या तत्त्वासाठी वालचंद दहा-पंधरा वर्षे दिल्लीची दारे ठोठावत होते, ते त्यांच्या मृत्यूच्या वर्षी देशाचे धोरण बनले.

या धोरणाची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. स्पर्धा गेली आणि कारखाने सुस्तावले. मोटारीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि मिळायची ती तीच जुनी फियाट; आधी अकराशे, मग प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी, नाव बदलले तरी हाड तेच. ट्रकांत तर टाटांनी १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बनवलेल्या गाड्या आणि अशोक लेलँड यांनी फार्गो-डॉजला हळूहळू रस्त्यावरून हटवले. वालचंद जगते तर कारखाना असा एका जागी रुतला नसता असे त्यांचे चाहते म्हणतात. मला ते पटते, पण सिद्ध कसे करणार? ते स्वतःही संरक्षण मागणारेच उद्योगपती होते. सरकारने भांडवलावरच्या व्याजाची हमी द्यावी, हा त्यांचा आग्रह होता. स्वदेशीचा कैवार आणि पेढीचा फायदा या दोन गोष्टी त्यांच्यात इतक्या एकजीव झाल्या होत्या की त्या वेगळ्या करायला गेले तर माणूसच हाती लागत नाही.

शिवाय यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. मॉडेल पंचवीस वर्षे बदलले नाही म्हणून ज्या कारखान्याला आपण नावे ठेवली, त्याच न बदलण्यामुळे १९५८ च्या गाडीचा भाग १९७८ च्या गाडीला बसत होता. शोरूममधल्या गिऱ्हाइकाचा जो तोटा, तो लिंबाखालच्या मिस्त्रीचा फायदा. माझी सध्याची मोटार तेरा वर्षांची आहे, इंजिन ठणठणीत आहे. तिचा एक इलेक्ट्रॉनिक डबा गेल्या वर्षी बिघडला तर तो भाग आता येत नाही असे सांगण्यात आले. शेवटी दुसऱ्या शहरातल्या मोडीच्या बाजारातून आणवला. अण्णांना हे सांगितले असते तर युद्धातल्या अल्बियन बसचा विषय निघाला असता.

आमची फार्गो १९८१ मध्ये विकली गेली. मिस्त्रीचाचा गेले, गॅरेजच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. वालचंदांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत उभे आहे. १९४७ मध्ये निघालेल्या या संस्थेला १९५५ मध्ये त्यांचे नाव मिळाले, आणि मराठवाड्यातली किती मुले तिथून इंजिनिअर होऊन आली याची आमच्या गावातच दोन-तीन उदाहरणे आहेत. कुर्ल्याच्या कारखान्याला १९९० च्या दशकातल्या परदेशी भागीदाऱ्या मानवल्या नाहीत. पद्मिनीचे उत्पादन शतक संपता संपता थांबले.

तरी ती रस्त्यावर होतीच. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत आहे. ती भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. वर्तमानपत्रांत त्या शेवटच्या गाडीची छायाचित्रे आली होती. ती मुदतीमुळे निवृत्त झाली होती. इंजिन चालू होते.